फाइल जाईपर्यंत

संगणकापुढे उजवा तळवा उभा धरून तो दरडावत असे, "थांब म्हटल्यावर थांबायचं. कळलं न्हवं?" मगच केबल जोडत असे.

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पर्यवेक्षक होतो. तो दुरुस्ती विभागात. प्रोग्रामप्रमाणे धातू कापणारे आमचे सीएनसी मशीन जुने. मोठा प्रोग्राम त्याच्या मेमरीत मावत नसे. संगणकाने केबलमधून थोडा थोडा पाठवायचा, मशीनने तेवढे कापायचे. दोन्हीकडे वेग सारखा लावावा लागे. शिवाय मेमरी भरली की मशीन थांबण्याचा संकेत देई, तो संगणकाने पाळावा लागे. न पाळल्यास प्रोग्राममधली अक्षरे गळत आणि टूल भलतीकडे घुसे.

एकदा या संकेताचे सेटिंग त्याने मशीनकडे केले, संगणकाकडे करायचे विसरला. पंपाचे कास्टिंग, ओतीव लोखंडाचा जड तुकडा, वाया गेले. ते त्याने भंगारात जाऊ दिले नाही. टेबलापाशी ठेवून त्यावरच बसू लागला. बसू लागला हे म्हणण्यापुरते. फाइल संपेपर्यंत त्याच्या येरझाऱ्या चालत. ती जागा मात्र तो कोणाला देत नसे.

त्याच्या बायकोची शस्त्रक्रिया होती, त्याच दिवशी एक तातडीचे काम मशीनवर चढले. फाइल सुरू करून तो दारापर्यंत जाई आणि परत येई.

"दवाखान्यात जा. मी बसतो," मी म्हणालो.

"साहेब, तुमास्नी दम धराय येतोय व्हय?"

"नाही. तरी बसतो."

"मग हात मांडीखाली घालून बसा. थांबलं तरी कायबी दाबायचं न्हाय. आपसूक चालू हुतंय."

तो गेला. मी त्या कास्टिंगवर बसलो. थोड्या वेळाने पडद्यावरच्या ओळी थांबल्या. अशा वेळी हात किती शिवशिवतात, हे तुम्हांला सांगायला नको. मी काही दाबले नाही. ओळी पुन्हा सरकल्या.

फोन आला. "चाललंय न्हवं?"

"चाललंय. वहिनी?"

"आत न्हेलंय."

तो फोन ठेवेना. मग मी पडद्यावरचे सांगू लागलो. थांबले. चालले. पुन्हा थांबले. प्रत्येक वेळी तो नुसते "व्हय" म्हणे. बराच वेळ असाच गेला.

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला.

"बाहीर आणलं," तो म्हणाला. "डोळं उघडलं तिनं."

फाइल संपली का, हे न विचारताच त्याने फोन ठेवला.

पुढे आठवडाभर तो कामावर आला नाही. मी हजेरीत त्याचे खाडे मांडले नाहीत.