इडेला पिंडरची बोटं आणि मोडक्या थोबाडाची मगर

इडेला पिंडरने एकसष्ट वर्षांत ‘मी चुकले’ हे दोन शब्द तोंडातून काढले नव्हते. दोन नवरे, एक पाद्री आणि मासेमारी खात्याचे तीन साहेब तिच्याशी वाद घालून थकले. त्यातला एक नवरा तर थकूनच मेला असं गाव म्हणायचं.

गाव म्हणजे पेलिकन बेंड. फ्लोरिडाच्या पार दक्षिणेला, जिथे दलदलीचं गोडं पाणी खारफुटीत शिरून खारट होतं आणि ॲलिगेटर, गावच्या बोलीत गेटर, नि मगर एकाच चिखलात ऊन खात पडतात. थॅडियस सँड्सच्या आमिषाच्या दुकानापुढे एक बाक होता. पाण्यात काही तरंगलं की बाकावर पैज लागायची, मगर का गेटर. हरेल त्याने सगळ्यांना शंखातल्या मांसाची भजी खाऊ घालायची. तीस वर्षांत इडेलाने कुणाला भजी खाऊ घातली नव्हती.

ओळखायचं कसं, याचा सरकारी फलक धक्क्यावर होता. रुंद थोबाडाचा, काळा तो ॲलिगेटर. निमुळत्या थोबाडाची, राखी ती मगर. तोंड मिटलं तरी तिचा खालचा दात बाहेर दिसतो. पेलिकन पक्ष्यांनी हगून हगून त्यावरचं मगरीचं चित्र कधीच झाकून टाकलं होतं. साहेब लोक फलक लावायला आले होते, पुसायला नाही.

इडेला शिकली ती बापाच्या ओट्यावर. बाप चोरून गेटर मारायचा. अख्खी दलदल उपसून तिथे ऊस लावणारे मोठे शेतकरी, आणि पोटासाठी एक गेटर मारणारा तिचा बाप चोर, हा हिशोब इडेलाला आजतागायत पटलेला नाही. बाप सोलायचा, ती कातड्याला मीठ चोळायची. एखाद वेळी मगरही सापडायची. तिच्या पोटाच्या जवळजवळ प्रत्येक खवल्यावर सुई टोचल्यासारखा एक ठिपका असतो; गेटरच्या पोटावर तो नसतो. बोटांना न बघता कळतं. पण जिवंत जनावराला ‘जरा उताणं हो’ म्हणणार कोण?

त्या ऑक्टोबरात खेकड्यांचा हंगाम तोंडावर होता. इडेलाचे दोनशे पिंजरे अंगणात रचून तयार, आणि तिची होडी उतरवायच्या सिमेंटच्या उतारावर तीन दिवस एक नऊ फुटी धूड पसरलेलं. आठवडाभर पाऊस कोसळला होता. असा पाऊस झाला की घरापुढचा कालवा गोडा होतो आणि गेटर खाली उतरतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात जनावर चिखलाने काळंकुट्ट, थोबाड आखूड आणि बोथट. इडेलाने पडवीतूनच, कॉफीचा कप न ठेवता, निकाल दिला. “गेटर.”

“मला मगर वाटते गं,” कालव्याच्या पलीकडच्या काठावरून, आपल्या दुकानापुढून थॅडियस म्हणाला.

“तुला तुझी बायको आणि टपालपेटी यातला फरक कळत नाही, थॅडी.”

तिने सरकारी नंबर फिरवला. फोनवरच्या पोरीने विचारलं, “मगर नाही ना, बाई? नक्की?”

“बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी यांची कातडी खारवतेय. लिही, गेटर.”

पोरीने लिहिलं. तिथे लिहिण्यावरच सगळं होतं. मगर लिहिलं की कायदा तिच्याभोवती कुंपण घालतो. गेटर लिहिलं की मारायचा परवाना निघतो आणि माणूस येतो.

माणूस आला तो डेलबर्ट टिलिस, वर तळ्यांच्या मुलखातला. त्याने जन्मात मगर पाहिली नव्हती. त्याने फास टाकला, झटापट केली, जबड्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि पाठीवर बसला. समोरच्या बाकावर निम्मं गाव जमलं होतं, हातात भजी घेऊन.

“मावशी, दोरी पोटाखालून घ्या तेवढी. मग गाडीतून बंदूक आणतो.”

इडेलाने हात खाली घातला. बोटं खवल्यांवरून सरकली आणि थांबली. ठिपका. पुढच्या खवल्यावर ठिपका. त्याच्याही पुढे.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार नव्हतं. कातडं कारखान्यात जाणार, पिंजरे पाण्यात जाणार.

“थांब,” ती म्हणाली. “ही मगर आहे.”

“तुम्हीच तर गेटर म्हणालात.”

“कागद चुकलाय.”

“कागद चुकला का तू?” थॅडियसने पलीकडून विचारलं.

डेलबर्ट वैतागला. “थोबाड बघा ना. फावड्यासारखं आहे. दात तरी दिसतोय का बाहेर?”

तिने झग्याच्या टोकाने थोबाडावरचा चिखल पुसला. खाली जुना व्रण होता. कुणा सुट्टीवाल्याच्या मोटरबोटीचा पंखा नाकाडावरून गेलेला. हाड चेपून जुळलेलं, दाताच्या जागी खड्डा.

“मी तीन तास गाडी हाणत आलोय, मावशी. कातडं हीच माझी मजुरी. तुम्ही आधी एक सांगता, मग दुसरं.”

इडेला उभी राहिली. “मी चुकले.”

“ऐकू नाही आलं,” थॅडियस म्हणाला.

“मी चुकले रे, बहिऱ्या. आता ऐकलंस?” आणि डेलबर्टकडे वळून, “उताणी कर तिला. तुझं बोट दे इकडे.”

डेलबर्टने बोट फिरवलं. मग आणखी दोन खवल्यांवर फिरवलं. मग खिशातून फोन काढून साहेबांना लावला.

संध्याकाळी साहेब येऊन मगरीला तीस मैल दूर सोडून आले. इडेलाने सगळ्या बाकाला भजी आणि वर तुरीचे दाणे घातलेला भात दिला. डेलबर्टने दोनदा मागून घेतला.

दीड महिन्याने मगर परत त्याच उतारावर. इडेलाने फोन केला नाही. तिची होडी आता थॅडियसच्या उतारावरून पाण्यात जाते, आणि तो रोज कुरकुरतो.

“काय गं,” तो पलीकडून विचारतो, “मगर का गेटर?”

इडेला कॉफीचा घोट घेते. “तू जा, पोट चाचपून ये. मग सांगते.”