काळ्या रानातला तंबू

चार दिवस एकटीनं डोंगरात जायचं मी ठरवलं होतं. प्रश्न आईचा होता. ती नांदेडला माझ्याकडे असते. तेवढे दिवस तिला देवणीला धाकट्या भावाकडे ठेवावं लागणार होतं. भावानं अट घातली: तंबू आमच्या रानात, आमच्यासमोर, कुणाचा हात न लागता उभा करायचा. दुपारच्या वाऱ्यात पडला तर जाणं रद्द.

"बाईमाणसानं एकटं फिरायचं म्हणजे..." एवढं बोलून तो थांबला. मी वाक्य पूर्ण करायला सांगितलं.

या तंबूला स्वतःचे खांब नसतात. चालताना हातात धरायच्या दोन काठ्याच आत उभ्या करायच्या. कोपरे खुंट्यांनी पक्के बसले तरच त्या टिकतात. नांदेडच्या मुरमाड मैदानावर मी हे अनेकदा केलं होतं. देवणीचं रान काळं. तूर निघालेली, जमीन भेगाळलेली. पहिली खुंटी ठोकली, तर ढेकूळ फुटून ती भेगेत गेली. दुसरीचंही तेच. दोरी ताणताच तंबू खाली बसला.

बांधावर भाऊ आणि भावजय उभे होते, आई बाजेवर.

"अक्का, तंबू हाय का वाळत घातलेलं लुगडं?" भाऊ ओरडला.

"दगड देऊ का आणून?" भावजयीनं विचारलं.

"हात लावायचा न्हाई," भाऊ म्हणाला.

मी खुंट्या पिशवीत टाकल्या. जमीन खुंटी धरत नव्हती, पण भेगा होत्या. बांधावरच्या ढिगातल्या जाड तुराट्या घेतल्या आणि कोयत्यानं वीतभर तोडल्या. प्रत्येकीला मधोमध दोरी बांधली. तुराटी उभी करून भेगेत सोडली, खाली आडवी केली, वर माती दाबली. ओढलं की ती भेगेच्या दोन्ही काठांखाली अडकत होती. मग काठ्या उभ्या केल्या.

दुपारी वारं सुटलं. कापड फडफडलं, कोपरे सुटले नाहीत. भावानं काठी धरून हलवून पाहिली.

"ऱ्हायला. पण संगं कुणीतरी पाहिजे."

"अट तंबूची होती."

"आता मी म्हणतोय ना!"

"आता उशीर झाला. मी उद्या निघतेय."

"भांडा तुम्ही," आई बाजेवरून म्हणाली. "माझी पिशवी म्या सकाळीच ह्याच्या घरात ठेवली हाय."

मी आवरायला घेतलं. काठ्या काढल्या, दोऱ्या सोडून कापड झटकलं, वाऱ्याला पाठ करून घडी घातली, गुंडाळी आवळली. मग जमिनीतल्या तुराट्या काढू लागले. शेवटच्या कोपऱ्याची दोरी भावानं न विचारता धरली आणि ओढली. पाय रोवून पुन्हा ओढली. निघेना.

"आडवी आहे ती," मी सांगितलं. "आधी उभी कर."