द्वारकाबाईच्या झोपडीतली चूल

आधीच सांगून टाकते – भूतबीत, अंगात येणं, नजर लागणं, यातलं मला काहीही पटत नाही. सासरी कुणाच्या अंगात आलं की मी सरळ आत जाऊन चहा टाकायचे... त्या बाईला नंतर लागायचाच. त्यामुळे हे लिहायला इतकी वर्षं घेतली. घरात सांगितलं तर नवरा म्हणाला, "तुला ऊन लागलं असेल." लागलं असेल बाबा. पण उन्हाने एकाच बोटाला फोड येत नाही.

मी मूळची फैजपूरकडची, लग्न होऊन जळगावात आले. नव्वदच्या आसपासची गोष्ट. झोपडपट्ट्यांचं काम बघणाऱ्या कचेरीत मी समाजसेविका होते. हुद्दा ऐकायला मोठा, काम म्हणजे उन्हातान्हात दारोदार फिरणं. डाळमिलांच्या मागे नाल्याच्या काठाने एक लांबलचक वस्ती होती. साक्री-नवापूरकडून, सातपुड्यापलीकडून माणसं कामाला यायची आणि तिथेच टेकायची. बायका डाळ निवडायच्या, पोती शिवायच्या, पुरुष हमाली करायचे. मजुरी अशी की भाड्याच्या खोलीचं नावच काढायला नको. या लोकांना पक्क्या खोल्या द्यायचं ठरलं. अट एकच – झोपडीत माणूस खरोखर राहत असला पाहिजे. कारण खोल्या मिळणार म्हटल्यावर गावातले काही शहाणे चार बांबू आणि ताडपत्री ठोकून मोकळे झाले होते.

खरं-खोटं ओळखायची आमच्या ओव्हरसियर चौधरीभाऊंची एक रीत होती. न सांगता जायचं आणि चुलीला हात लावायचा. चूल गरम तर घर चालू, गार तर घर बंद. बंद म्हणजे खोली गेली, पुन्हा विचारायची सोय नाही. वस्तीतली माणसंही काही कमी नव्हती. आम्ही गल्लीच्या तोंडाशी दिसलो की शेजारणी एकमेकींच्या चुलीत पेटती गोवरी सरकवून यायच्या. पण अशी चूल नुसती वरून तापते, आतली माती गारच राहते. म्हणून मी नेहमी आतून, मातीला हात लावून बघायचे.

मला ती रीत अजिबात आवडत नव्हती. जी बाई दिवस उगवताच मिलच्या फाटकावर उभी राहते, तिची चूल दुपारपर्यंत गरम कशी राहणार? म्हणजे जी जास्त राबते तिचीच खोली जाणार. मी हे कचेरीत चौधरीभाऊंना बोलून दाखवलं होतं. "मॅडम, मग दुसरा उपाय सांगा," म्हणाले. आणि मी पुन्हा चुलींना हात लावत फिरायला लागले.

त्या दिवशी आम्ही नाल्याच्या टोकाकडून सुरुवात केली. एका झोपडीपाशी चौधरीभाऊंची कुणाशी तरी हमरीतुमरी झाली, म्हणून मी एकटीच पुढे गेले. पुढची झोपडी द्वारकाबाईची. तिला मी आधी एकदा मिलच्या दारात भेटले होते. साक्रीकडची, नवरा वारलेला, एक मुलगी. आई-सासू कुणी उरलं नाही, असं तिनेच सांगितलं होतं. पण ते मला त्या वेळी आठवलं नाही. रोज इतक्या बायकांशी बोलायचं, कुणाकुणाचं लक्षात ठेवणार?

दार उघडं होतं. आत एक म्हातारी बाजरीची भाकर थापत होती. हिरवं लुगडं, विरलेलं पण धुतलेलं. हनुवटीवर गोंदण. झोपडीत धूर भरलेला, माझे डोळे चुरचुरायला लागले.

"ये वं माय, बस," ती म्हणाली.

"इथे कोण राहतं?"

"द्वारका ऱ्हास. कामले गयी शे."

"तुम्ही तिच्या कोण?"

ती हसली नुसती. मग हाताने चुलीकडे खूण केली. "तुले जे पाहनं शे ते पाही ले ना."

तिला आमची रीत माहीत होती, याचं मला हसू आलं. मी वाकले आणि सवयीने आत मातीला बोट टेकवलं. अशी चटकन भाजले की डोळ्यांत पाणीच आलं. म्हातारीने माझा हात धरला, काथवटीतल्या भिजलेल्या पिठाचा गोळा बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, "आते तं पटनं ना?"

हात खरखरीत होता, गरम होता. माणसाचाच हात होता. मी "चालू" असं लिहून पुढच्या घरी गेले. चौधरीभाऊंनी माझं बोट बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, सरकारी कामात एवढा जीव ओतू नका."

आठवडाभराने द्वारकाबाई कचेरीत आली. दारातच उभी राहिली, आत यायला तयार नाही. रडून रडून चेहरा सुजलेला.

"पोरगी दवाखानामा व्हती, बाई. मी तिनापाशीच व्हती. घरले कुलूप व्हतं. मन्हं घर गयं का?"

मुलीला टायफॉइड झाला होता. आम्ही वस्तीत गेलो त्याच्या आधीपासून दोघी सिव्हिलमध्ये होत्या. परत आल्यावर कुणीतरी सांगितलं, चूल बघून गेले, तुझं दार बंद होतं. तेव्हापासून तिला घास गेला नव्हता. मिलमधला रोज बुडवून आली होती.

मी म्हटलं, "अगं रडतेस काय, तुझं घर चालू लिहिलंय. म्हातारी होती ना घरात."

"कोनती म्हातारी?"

मी सांगितलं. लुगडं, गोंदण, भाकर. "मन्हा घरमा अशी कोनीच नही, बाई," ती म्हणाली.

मला वाटलं, शेजाऱ्यांनी हिची सोय केली. कुणाच्या तरी सासूला बसवलं, चूल चांगली पेटवली. माणसं एकमेकांसाठी एवढं करतात, याचं मला बरंच वाटलं. पण चौधरीभाऊ म्हणाले, चला, बघूनच येऊ. तसेच तिघं निघालो.

दाराला कुलूप होतं. किल्ली द्वारकाबाईच्या पदराच्या गाठीत. दवाखान्यातून आल्यावर ती मुलीला घेऊन मिलमधल्या मैत्रिणीकडे उतरली होती – घर गेलं असं धरून चाललेली, दार उघडायचं धाडस झालं नव्हतं. कुलूप काढलं. आत कोंदट वास. चुलीतली राख ओलसर, घट्ट बसलेली, आणि चुलीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलेलं. काथवट भिंतीला उभी, कोरडी ठणठणीत. पिठाचा डबा उघडून दाखवला, रिकामा. बाजरी तर महिनाभरात आणलीच नव्हती, म्हणाली.

माझ्या बोटावरचा फोड अजून पुरता सुकला नव्हता. मी बोट पदराखाली घेतलं... का घेतलं, कुणास ठाऊक.

शेजारी एक म्हातारे नाना राहायचे, वस्तीतले सगळ्यात जुने. ते म्हणाले, "कुलूप तं माले रोज दिखे." आम्हाला दाखवायला कुणी चूल पेटवलीत का, म्हणून विचारलं तर साफ नाही म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं. अशी म्हातारी कधी पाहिली होती का? नानांनी हात झटकले. या जागेवर कितीतरी माणसं येऊन राहिली, गेली, मेली, म्हणाले. कुणाचं गावही ठाऊक नसायचं. कसं सांगणार?

चौधरीभाऊ बाहेर जाऊन बिडी ओढत उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, ही बाई इथे राहते, हे खरं आहे ना?" मी म्हटलं, हो. "मग लिहिलंय तेच खरं. चला."

द्वारकाबाई उंबऱ्यात बसली होती. मला वाटलं घाबरली असेल. मीच घाबरले होते, खोटं कशाला बोलू. ती घाबरलेली नव्हती. चुलीकडे बघत होती.

"कोन व्हई वं ती?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"कोनी बी व्हवो, बाई," ती म्हणाली. "तिले बी घर भेटनं नही व्हई."

 एवढी वर्षं त्या गल्ल्यांतून फिरत होते, गार चुली लिहीत होते, आणि घर न मिळालेल्यांचं पुढे काय झालं असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

पावसाळ्यानंतर खोल्या मिळाल्या. मी मुद्दाम गेले. द्वारकाबाईच्या डोक्यावर गाठोडं, मुलगी हाताशी, अजून अशक्त. तिने नवं दार उघडलं आणि आत गेलीच नाही. गाठोडं खाली ठेवलं, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि दाराच्या एका अंगाला उभी राहिली, घरातलं मोठं माणूस पुढे जायचं असलं की सुना उभ्या राहतात तशी. मुलीलाही मागे ओढलं. "चाल माय," एवढंच म्हणाली, हळू.

मला काही दिसलं नाही, वारासुद्धा आला नाही. आजही याचा अर्थ विचारलात तर मला सांगता येणार नाही, आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास आजही नाही. पण मी दाराच्या अगदी मधोमध उभी होते... आणि मी बाजूला सरले.