रिंगखात्यातले झुंजमास्तर

झुंजमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी एका माणसाचा गळा धरलेला होता. परळच्या एका गिरणीत माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस. सकाळचे साडेसात वाजले होते आणि रिंगखात्याच्या दारातच बाळा जॉबर नावाचा आडदांड मुकादम भिंतीला चिकटून तडफडत होता. त्याच्यापेक्षा वीतभर बुटका, पंचेचाळिशीचा एक माणूस त्याला एका हातानं दाबून अगदी शांतपणे विचारत होता, "परत मारशील? सायडरवर परत हात टाकशील?" सायडर म्हणजे सूतकताईच्या मशीनची एक बाजू सांभाळणारा, तुटलेला धागा जोडणारा कामगार. बाळानं त्यातल्याच एकाला, शिवरामला, बॉबिन फेकून मारली होती. शिवरामच्या कपाळातून रक्त गळत होतं आणि तो तसाच धागे जोडत होता, कारण मशीन काही थांबत नव्हतं.

बाळाला सोडून मास्तर माझ्याकडे वळले. "तू तो नवा टेस्टिंगवाला ना? राहतोस कुठे?"

"गिरगावात."

"मग ये, गिरगावकर. रक्त पुसायचं फडकं कुठे असतं ते आधी बघून ठेव. इथे लागतं."

त्यानंतर त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारली नाही.

झुंजमास्तर हे नाव त्यांना कोंबड्यांमुळे पडलं होतं. कोकणातल्या एका खाडीकाठच्या महारवाड्यात त्यांचा जन्म. वडील झुंजीचे कोंबडे पाळायचे. पायाला पातं बांधलेले दोन कोंबडे सोडले की मिनिटा-दोन मिनिटांत एक आतडी बाहेर येऊन पडायचा, आणि जिंकलेल्याला दुसऱ्या जिंकणाऱ्या घराण्याची कोंबडी दाखवली जायची. हे सगळं मास्तर जेवताना सांगत. "कोंबडा घडवता येत नाही रे," ते म्हणत. "देवाला येत असेल, माझ्या बापाला येत नव्हता. तो फक्त मरणारा मरू द्यायचा आणि उरलेल्यांची लग्नं लावायचा. चौथ्या-पाचव्या पिढीला असा कोंबडा निघायचा की सगळा गाव बघायला यायचा. पण का जिंकतो म्हणून विचारलंस, तर बाप सांगू शकायचा नाही."

त्यांचा डावा कान बहिरा होता आणि भुवईवर एक जाड व्रण होता. त्या काळी विणकामखात्यात त्यांच्या लोकांना मज्जाव असे. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातला धागा ओठांनी ओढून घ्यावा लागायचा, आणि तोच धोटा पुढच्या माणसाच्याही तोंडाला लागणार, एवढंच कारण. तरुणपणी एका दुपारी मास्तर सरळ त्या खात्यात गेले, एका मागावरचा धोटा उचलला आणि सगळ्यांच्या देखत तोंडाला लावला. चौघांनी लोखंडी दांड्यांनी त्यांना फोडून काढलं. मी भीतभीत त्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कान गेला. पण धोट्यात काय सोनं नव्हतं. तेलकट लागला."

मला तिथे आणलं होतं ते धागे का तुटतात हे शोधायला. तिसऱ्या शेडमधली सोळा जुनी मशीनं इतका धागा तोडत होती की सायडर धावून धावून घायकुतीला येत. पावसाळ्याआधी तूट निम्म्यावर आली नाही तर शेड बंद आणि साठ-सत्तर माणसं घरी, असं मॅनेजरनं स्पष्ट सांगून टाकलं होतं. मी गणित घेऊन बीएस्सी झालेलो. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, असं ठरवलं. रोलरचा दाब वाढवला तर तूट कमी झाली. मग पीळ बदलला तर दाबाचा फायदा गेला. धागा गुंडाळणाऱ्या चातीचा वेग कमी केला तर पिळाचा. महिनाभरानं मी कागदावर मांडून पाहिलं. लावता येण्याजोग्या बारा गोष्टी, आणि प्रत्येकीच्या तीनच जागा धरल्या तरी पाच लाखांवर जुळण्या होत होत्या. दर आठवड्याला सोळा तपासल्या तर माझी नातवंडंही म्हातारी झाली असती.

मास्तरांनी तो कागद पाहिला आणि टेबलावर अशी मूठ हाणली की दौत उडाली. "एकेका कोंबड्याचं एकेक पीस उपटून बघतोयस तू! अरे, सोळा मशीनं आहेत ना? झुंजव की त्यांना!"

आम्ही खोक्यांच्या पुठ्ठ्याचे सोळा पत्ते कापले. प्रत्येक पत्त्यावर एका ओळीत बारा घरं, आणि त्या घरांत बारा आकडे. पहिले सोळा पत्ते त्यांनी मला डोळे मिटून, मनाला येईल तसे भरायला लावले. एकेका मशीनला एकेक पत्ता, आणि त्याप्रमाणे त्याची मांडणी. सहा दिवस सायडर तुटलेले धागे मोजत. शनिवारी मास्तर सगळे पत्ते ओळीनं लावून त्यांतले वाईट आठ माझ्यासमोर टराटरा फाडत. "हा मेला. हाही मेला. हा तर जन्मायलाच नको होता." उरलेल्या आठांच्या जोड्या लावायच्या. दोन पत्त्यांच्या नकला करून त्या एकाच जागी कापायच्या, एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं शेपूट जोडून नवा पत्ता करायचा. मग त्यावर कवडी टाकायची. उताणी पडली तर एखाद्या घरातला आकडा उगीचच बदलायचा. "पोरगं आईबापासारखं असावं," ते म्हणत, "पण एखादी खोड त्याची स्वतःची हवी. नाही तर आपण बघितलंय त्याच्या पलीकडचं दिसणार कसं?"

पुढे तीसेक वर्षांनी मी कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हा परदेशी पुस्तकांत हीच रीत कॉम्प्युटरसाठी मांडलेली वाचली. निवड, संकर, उत्परिवर्तन, अशी भारदस्त नावं. आमच्याकडे हे सगळं एका कात्रीनं आणि कवडीनं चालायचं.

सुरुवातीचे दोन आठवडे तूट वाढली आणि बाळा जॉबरनं मॅनेजरच्या कानावर घातलं की महार आणि गिरगावातला बामणाचा पोरगा मिळून गिरणीत जुगार खेळतायत. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र तूट उतरू लागली. सातव्या आठवड्यात पुन्हा सगळं थांबलं. निम्म्यावर यायला अजून बरंच अंतर होतं आणि पत्ते बघावेत तर सोळाच्या सोळा जवळजवळ सारखे.

"सगळे एकाच बापाचे झाले," मास्तर म्हणाले. "धुक्यात चढणाऱ्याला टेकाडही डोंगरच वाटतो, गिरगावकर. चारी बाजूंना उतार दिसला की म्हणतो, पोचलो. आपण टेकाडावर बसलोय."

तेव्हा शिवराम पुढे आला. तिशीतला, दोन मुलींचा बाप, फार हळू बोलणारा माणूस. त्यानं खिशातून चिकटवलेला एक पत्ता काढला. मास्तरांनी दुसऱ्या आठवड्यात फाडलेला होता तो.

"मास्तर, हा माझ्या नऊ नंबरवर होता. सकाळी लय तोडायचा, पण दुपारनंतर एकदम गप. मला वाटलं, ह्याच्यात कायतरी आहे. म्हणून उचलला."

मास्तरांनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो दोन पावलं पुढे गेला. "मी मारला आणि तू जगवलास होय रे! लाव ह्याची लग्नं. चांगल्या चारांशी लाव."

ते पत्ते मशीनवर चढले आणि त्याच आठवड्यात मुंबई पेटली.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरण्यांचे भोंगे वाजूनही माणसं आत गेली नाहीत. लालबागहून मोर्चा निघाला तेव्हा आमचं अख्खं रिंगखातं त्यात होतं. शिवराम पहिल्या रांगेत कापडी फलकाची काठी धरून चालला होता, मास्तर त्याच्या शेजारी, मी मागे. आधी लाठ्या आल्या. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याच्या डोक्याचा नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. मग धूर, डोळ्यांत आग, आमच्याकडून दगड. मी आयुष्यात पहिल्यांदा दगड उचलला आणि फेकलाही, आणि तो कुणाला तरी लागला. आनंद झाला मला. ते अजून विसरता येत नाही.

मग गोळ्या आल्या. शिवराम खाली बसला, अगदी दमून बसावं तसा. गोळी गळ्यात लागली होती. मास्तरांनी त्या भोकावर तळवा दाबून धरला तरी बोटांच्या फटींतून रक्त उडत होतं. बाजूला भाजीची एक हातगाडी सोडून मालक पळालेला होता. आम्ही शिवरामला तिच्यावर घातलं आणि इस्पितळाकडे ढकलत निघालो. कोपऱ्यावर एका शिपायानं माझ्या मनगटावर लाठी हाणली, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, पण दुसऱ्या हातानं मी गाडी ढकलत राहिलो. मास्तर सारखे ओरडत होते, "शिवराम, नऊ नंबर बघ! धागा तुटलाय, शिवराम, धागा जोड!"

इस्पितळाच्या दारात डॉक्टरनं नुसती मान हलवली. मास्तरांनी भिंतीवर मुठी मारायला सुरुवात केली, कातडं निघालं तरी थांबेनात. चौघांनी त्यांना धरलं तेव्हा ते जमिनीवर बसले.

"झुंजीत मरतो तो कच्चा असतो, असं मी आयुष्यभर बोलत आलो," ते म्हणाले. "खोटं आहे ते. हा कच्चा नव्हता. हा पुढे उभा होता, एवढंच."

गिरणी आठवड्याभरानं सुरू झाली. शिवरामच्या चिकटवलेल्या पत्त्याची पोरं सगळ्यांच्या पुढे निघाली. आणखी दोन पिढ्यांत तूट निम्म्याच्याही खाली आली. मशीनांमधून चालताना आता पायांखाली धाग्यांचा गुंता लागेना. ह्या वेळी शनिवारी मास्तरांनी एकही पत्ता फाडला नाही. सोळाच्या सोळा खिशात घातले, मला घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेले आणि सहा दिवसांच्या तुटीचा कागद त्याच्यासमोर ठेवला.

मॅनेजर खूश झाला. "छान! आता ती सेटिंग द्या. बाकीच्या शेडना पण लावू."

"देतो. आधी शिवरामच्या बायकोला वाइंडिंगखात्यात कामाला घ्या. आणि शेडमधला एकही माणूस निघणार नाही असं लिहून द्या."

"ही काय धमकी आहे?"

मास्तरांनी सगळे पत्ते बाहेर काढून त्याच्या हातातल्या पेटत्या लायटरवर धरले. मॅनेजर नुकताच सिगारेट पेटवत होता. कडा काळ्या पडायला लागल्या. "कुलूप एक आणि किल्ल्या पाच लाख आहेत, साहेब. ह्या पोराला विचारा. लागणारी किल्ली जळली तर परत सापडेल का ते विचारा."

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. खरं तर सगळे आकडे माझ्या वहीत होते. मी म्हणालो, "नाही सापडणार, साहेब." आयुष्यात मी बोललेल्या खोट्यांपैकी एवढ्या एकाच खोट्याचा मला अभिमान आहे.

शिवरामची बायको सोमवारी कामावर आली. मास्तरांना मात्र गुरुवारी गेटवर पोलिसांनी उचललं. दगडफेकीत हा पुढे होता असं कुणीतरी सांगितलं होतं. बाळा जॉबर त्या वेळी गेटच्या आत उभा राहून विडी ओढत होता, एवढं मी पाहिलं. काही महिन्यांनी मास्तर सुटले तेव्हा त्यांचे पुढचे तीन दात नव्हते आणि गिरणीत त्यांची जागा नव्हती. भाऊच्या धक्क्यावर मी त्यांना कोकणच्या बोटीत बसवून दिलं. ते एवढंच म्हणाले, "गावात आमची माणसं अजून मेलेली गुरं ओढतात रे. आता नाही ओढायची."

मग चार वर्षांनी महाराष्ट्र झाला. लालबागला गुलाल उधळला गेला, शिवरामच्या बायकोनं माझ्या हातावर पेढा ठेवला. त्याच उन्हाळ्यात मास्तरांच्या पुतण्याचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं: गावातल्या आमच्या घरांनी बुद्धाचा धर्म घेतला, गुरं ओढायचं सोडलं, म्हणून गावानं पाणी तोडलं. काका घागर घेऊन गावविहिरीवर गेले. त्यांना तिथेच बेदम मारलं. तीन दिवस जिवंत होते.

मी रजा टाकून गेलो. बोटीतून उतरल्यावर दोन कोस चाललो, ऊन रणरणत होतं. विहिरीच्या काठाच्या दगडावर अजून एक काळा डाग होता, आणि त्या दगडाला पाय लावून मास्तरांची सून, त्या पुतण्याची बायको, रहाट ओढत होती. तिच्यामागे वाडीतल्या दहा-बारा बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. पलीकडच्या अंगणातून गावातले काही सवर्ण पुरुष नुसते बघत होते. कुणी पुढे येत नव्हतं.

तिनं विचारलं, "मुंबईचे तुम्ही?"

मी मान हलवली. तिनं कळशी उचलली. मी खाली वाकलो, ओंजळ पुढे केली आणि त्या अंगणातल्या माणसांना नीट दिसेल अशा बेतानं पोटभर पाणी प्यायलो.