थांबा मिस्त्री

लाखनीला महामार्गालगत, मोहाच्या झाडाखाली ज्यांचं गॅरेज होतं, त्या मिस्त्रींचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. कोणी गाडी आणली की त्याचं सांगणं पुरं व्हायच्या आत ते हात वर करून म्हणत, "थांबा." मग गाडीभोवती एक फेरी मारत, वाकून खाली बघत, आणि त्यानंतर विचारत, "हां जी, आता सांगा." त्यामुळे सारे त्यांना थांबा मिस्त्री म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्यांना राग येत नसे. मी मात्र "अरे मिस्त्री" म्हणायचो. जन्मभर शाळेत मास्तरकी केल्यामुळे जिभेला तेच वळण होतं. वयानं ते माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी लहान होते.

तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण ते कोणाला उघडू देत नसत. एकदा एक ट्रकवाला हट्टालाच पेटला. "मले रायपूरले जायाचं हाये, उघडा लवकर!" मिस्त्री म्हणाले, "जा ना जी. पण दोन्ही हात सोबत घेऊन जा." ट्रकवाला हसला आणि झाडाखाली मुकाट बसला. अर्ध्या तासानं मिस्त्रींनी आपला दुपट्टा चौपदरी करून झाकणावर ठेवला आणि ते हळूहळू फिरवलं.

हाताचं ग्रीस काढायला ते साबण वापरत नसत. धानाच्या कोंड्याचं एक डबडं असे, त्यात हात घोळून चोळायचे. मग रेडिएटरच्या नळ्यांना हाताची मागची बाजू लावून बघायचे, घरात तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. "वरची नळी गरम अन् खालची थंडी, तं समजा पाणी फिरूनच नाही राहिलं."

इंजिन गार ठेवणारं कूलंट बदलायची त्यांची रीत ठरलेली होती. गॅरेजमागच्या तलावाच्या पाळीवर, बांधाच्या चढावर गाडी नेऊन नाक वर करून उभी करायची. झाकण उघडं, हीटर पूर्ण चालू. इंजिन चाललं की बुडबुडे वर यायचे. पंखा फिरून थांबला की गाडी बंद, आणि ती तशीच रात्रभर पाळीवर. "आत हवा दडून बसते जी. गाडी थंडी झाली का पातळी उतरते. तवा भरलं का झालं." बाकी मिस्त्री तासाभरात गाडी देत. यांच्याकडची गाडी दुसऱ्या दिवशी मिळे.

सात वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं साक्षगंध नाकाडोंगरीला, होणाऱ्या सुनेच्या घरी ठरलं. आदल्या दिवशी मी कूलंट बदलायला गाडी दिली. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, सकाळी सातले मी येतो. पातळी पाहून भरून देतो. तवाच न्या."

सकाळी सहाला आम्ही तयार होतो. तासभर बसून राहणं माझ्या जिवावर आलं. माझ्याजवळ दुसरी चावी होती. मी पाळीवर गेलो. झाकणाशेजारी कूलंटचा डबासुद्धा त्यांनी ठेवला होता. तो खाली काढून ठेवला, झाकण लावलं आणि गाडी घेऊन निघालो.

तुमसरच्या अलीकडेच काटा वर सरकू लागला. मला दिसत होता. मी थांबलो नाही. तुमसर ओलांडल्यावर जंगलात बॉनेटमधून वाफ उसळली आणि गाडी बंद पडली. मागच्या सीटवरून माझे साळे म्हणाले, "भाऊजी, गाडी घेतली का न्हाणीतला बंब?"

फोन केल्यावर व्याही आपल्या ओळखीचा मेकॅनिक घेऊन आले. गाडी निवल्यावर त्यानं पाणी भरून चालू केली, हीटर लावला. तरी हवा थंडगारच. त्यानं नळ्या चाचपल्या. "अंदर हवा अडकली हाये. कूलंट कोणी बदलला? त्यानं हवा नाही काढली का?"

नवे व्याही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही काढली."

"असा कसा मिस्त्री? कोण हाये तो?"

मी लाखनीच्या थांबा मिस्त्रींचं नाव सांगितलं.

गुरुजी खोटं कशाला बोलतील? आठ दिवसांत गोष्ट लाखनीच्या चौकात पोचली. "थांबाकडे गाडी टाकली का ते जंगलात थांबते," असं लोक म्हणू लागले. मी तिथेच चहा पीत असायचो. पाळीवरच्या गाड्या कमी होत गेल्या.

मिस्त्री एकदाच माझ्या घरी आले. हात कोंड्यानं स्वच्छ चोळलेले. आधी विचारलं, "कोणाले भाजलं-गिजलं तं नाही ना?" मग उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "मी सातले आलो होतो गुरुजी. गाडी नव्हती. डबा खाली जमिनीवर होता. चौकात येकदा सांगून द्या ना जी, का गाडी तुम्हीच नेली, मी हवा काढतच होतो. मले दुसरं काही नाही पायजे."

मी म्हणालो, "पाहू."

पुढच्या वर्षी गॅरेजला कुलूप लागलं. ते नागपूरला कोणाच्या तरी वर्कशॉपमध्ये गाड्या धुवायला लागल्याचं कळलं. मागच्या पावसाळ्यात ते तिथेच वारले. नळीला हात लावून आतलं पाणी ओळखणारा तो माणूस शेवटी गाड्या नुसत्या धूत होता.

या उन्हाळ्यात मी त्याच पाळीवर गाडी नाक वर करून लावली आणि त्यांच्या रीतीनं कूलंट बदललं. सकाळी सातला गेलो. पातळी चार बोटं उतरली होती. तेवढंच भरलं. गाडी भर उन्हात नाकाडोंगरीला जाऊन आली, काटा हलला नाही.

परवा चौकात मी सारं सांगितलं. चहावाला कप विसळता विसळता म्हणाला, "तेच ना जी, ज्याच्यानं तुमची गाडी जंगलात बंद पडली होती?" त्याला पुन्हा सांगितलं. "असं का," म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बोललेलं आता पुरणार नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

गाडी मीच नेली. मिस्त्री हवा काढतच होते.