चंद्रभागेच्या माहेरचं रक्त

हर्षलचं डोकं फिरलं, त्याचं खापर सगळ्यांनी मिळून त्याच्या आईवर, चंद्रभागेवर फोडलं. तिचा भाऊ सहादू असाच स्वतःशी बडबडत विंचूरहून निघून गेला होता. लोकांना तेवढा पुरावा बास झाला. नवरा पुंजा तर द्राक्षाची छाटणी करता करताही ऐकवायचा, "तुझ्या माहेरचं रक्त हाय ते."

नाशिकच्या एका दवाखान्यात स्किझोफ्रेनियाच्या संशोधनासाठी पेशंटच्या घरच्यांचं रक्त घेतात, असं तिला कळलं. पुंजाने आपलं रक्त द्यायला साफ नकार दिला. ती दिंडोरीहून एकटीच एसटीत बसली. आपल्याकडून आलेलं नसेल, अशी वेडी आशा होती बिचारीला.

रक्त काढून झाल्यावर डॉक्टर आभाने तिला समजावलं. या आजाराला एकच जनुक कारण नसतं. शेकडो बारीकसारीक फरक असतात, आईकडून येतात तसे बापाकडूनही येतात, धडधाकट माणसांतही सापडतात. त्यांच्यामुळे धोका थोडाथोडा वाढतो, इतकंच. हजारो घरांचं रक्त एकत्र तपासणार. एकट्या चंद्रभागेचा निकाल त्यातून निघणार नाही.

"यात तुमचा काही दोष नाही, मावशी."

चंद्रभागेला रडूच फुटलं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. मग आभाने सहज विचारलं, हर्षलच्या गोळ्या मध्ये कधी बंद झाल्या होत्या का?

झाल्या होत्या. लेकीला, सायलीला बघायला कळवणचे पाहुणे यायचे होते तेव्हा. घरात वेडाच्या गोळ्या दिसल्या की सोयरीक मोडलीच. बाहेरची बाधा म्हटलं की मात्र कुणी घराण्याकडे बोट दाखवत नाही. आपल्या लोकांची ही जुनीच चलाखी. पुंजा गोळ्या आणायचा आणि चंद्रभागा त्याच्या नकळत त्या चुलीत टाकायची, पोरीचं लग्न उरकेपर्यंत. त्याआधी हर्षल बागेत कामाला जायला लागला होता, हसायला लागला होता. पुन्हा गोळ्या सुरू केल्या, पण तो हर्षल काही परत आला नाही.

"बंद केल्यामुळं झालं का असं?" तिने विचारलं.

"होऊ शकतं," आभा म्हणाली. " नक्की नाही सांगता येणार."

घरी आल्या आल्या पुंजाने विचारलं, काय म्हणाली डॉक्टरीण, तुझ्याच रक्ताचं ना? आत हर्षल भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता. रक्ताचा दोष निदान तिने हाताने केलेला नव्हता.

"हो," चंद्रभागा म्हणाली. "माझ्याच रक्ताचं हाय."