सातव्या हौदातल्या सतरा माद्या

रागावल्या की मावशी ओरडत नसत, हळू बोलू लागत. मत्स्यबीज केंद्रातल्या जुन्या माणसांना ही खूण पक्की ठाऊक होती. मावशींचा आवाज खाली आला की ती हातातलं काम उचलून दुसऱ्या शेडमध्ये पसार होत. नवे साहेब येऊन तीनच महिने झाले होते. त्यांना कोण सांगणार?

नणंदेच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मावशींनी दोन दिवस सुट्टी घेतली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या शेडमध्ये शिरल्या, तर प्रयोगाच्या टेबलाखाली एक कोरडी बादली होती. तीत बोटभर लांबीची चाळीसेक पिल्लं एकावर एक पडली होती आणि वर चिठ्ठी चिकटवली होती : ‘सातवा हौद. मृत.’

मावशी उकिडव्या बसल्या. वरचं एक पिल्लू त्यांनी ओल्या तळहातावर घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं. नाटकातला राजा मरून पडला, तरी त्याची छाती हलताना पहिल्या रांगेला दिसते. फक्त बघणाऱ्याला बघायचं असावं लागतं. मावशींनी बघितलं. कल्ल्यावरचं झाकण जरासं उचललं गेलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा उचललं गेलं.

“जिवंत आहेस की रे बाबा,” त्या म्हणाल्या. अगदी हळू.

सगळी बादली त्यांनी ताज्या पाण्याच्या टबात रिकामी केली आणि हवेची नळी सोडली.

सातवा हौद म्हणजे मावशींचा बावीस वर्षांचा संसार. तेव्हा थोरले साहेब होते. चिखलात गुडघाभर उतरणारा दिलदार माणूस. जवळच्या दगडखाणीच्या डबक्यात एक ठेंगणी, काळपट कार्प मासळी राहायची. पाणी सडून त्यातला प्राणवायू संपत आला तरी ती तग धरायची. केंद्रातली मोठी कार्प भराभर वाढायची, पण पाणी जरा कोंदलं की शेकड्यांनी मरायची. दोघींचा संकर करायचा हे ठरवलं थोरल्या साहेबांनी, आणि केला मावशींनी. मादीच्या पोटावरून अंगठा फिरवून अंडी थाळीत काढायची, त्यावर नराचं बीज सोडायचं, कोंबडीच्या पिसानं हलकेच ढवळायचं आणि अंडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून दूध घातलेल्या पाण्यानं धुवायची. संकराचे नर वांझ निघाले. माद्या मात्र अंडी देत. म्हणून दर पिढीला मादी संकराची, नर मोठ्या कार्पचा, आणि पिल्लांपैकी कोंदट पाण्यात तगणारी तेवढी ठेवायची. पुढे थोरले साहेब वारले, खाण बुजली, तिच्यावर गोदाम उभं राहिलं. ठेंगणी कार्प कुठेच उरली नाही. तिचं जे काही रक्त शिल्लक होतं, ते सातव्या हौदातल्या सतरा माद्यांच्या अंगात.

आणि त्या हौदाकडूनच आता गटारात पाणी कोसळल्याचा आवाज येत होता.

मावशी धावल्या. पंपवाला चावी धरून उभा होता. पाणी घोट्याइतकं उरलं होतं.

“साहेबांनीच सांगितलंय, मावशी. हौद रिकामा करायचा, नवीन बीज येतंय.”

“चावी दे.”

“अहो, मला बोलणी बसतील.”

“माझी खाऊन बघतोस आधी?”

पंपवाल्यानं चावी दिली. मावशींनी गटाराचं तोंड बंद केलं, ताज्या पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि साडी खोचून हौदात उतरल्या. माद्या तळाशी पोट टेकून स्तब्ध पडल्या होत्या.

तेवढ्यात साहेब आले. “मावशी, हे काय चाललंय? आज पहाटेच्या कोंदट पाण्याच्या चाचणीचा निकाल लागलाय. बंद बरणीत सातव्या हौदाची पिल्लं सगळ्यांच्या आधी गेली. पंचवीस मिनिटांत निपचित! पहिल्या हौदातली मोठ्या कार्पची पिल्लं तासभर वर तोंड काढून धडपडत होती.”

“पडली ती कुशीवर की पोटावर?”

“हलत नव्हती ना!”

“कुशीवर की पोटावर, साहेब?”

साहेबांनी चष्मा पुसला. “पोटावर असावीत.”

“परवा माझी नणंद ऑपरेशनच्या टेबलावर तासभर हलली नाही. डॉक्टरांनी तिला बादलीत नाही टाकलं.”

पंपवाला खोकला आणि पाठमोरा झाला.

“तोल जाऊन मासा कुशीवर कलंडला की वेळ लिहायची, हा तुमचाच नियम,” मावशी म्हणाल्या. “हवा संपली की ही जात धावपळ करत नाही. खाली बसते, श्वास मोजून घेते. त्यासाठीच तर बावीस वर्षं घासलीत इथे. जे कमावलं, तेच तुम्ही मरण म्हणून लिहिलंत!”

मग त्यांनी साहेबांना एका उलट्या क्रेटवर बसवलं. पुन्हा दोन बरण्या, दोन्ही हौदांची नवी पिल्लं, हातात घड्याळ. पहिल्या हौदाची पिल्लं वर आली, तोंडं उघडझाप करू लागली आणि तासाभरानं एकेक करून कलंडली. सातव्याची तळाशी बसून राहिली. साहेब नाक काचेला लावून कल्ल्यांची झाकणं मोजत होते. अडीच तास झाले. मावशींनी बरणी टबात ओतली, आणि सगळी पिल्लं पोहत सुटली.

“चूक झाली माझी,” साहेब म्हणाले. “अहवाल दुरुस्त करतो.”

“काय लिहाल?”

सकाळच्या बादलीतली नऊ पिल्लं उठली नव्हती. पाण्याच्या ओढीनं दोन माद्या गटाराच्या जाळीवर आपटून मेल्या होत्या. साहेब चाचरले. “प्रयोगात नऊ मृत. हौदात दोन.”

“प्रयोगात एकही मेलं नाही. लिहा : जिवंत पिल्लं मेली समजून मी कोरड्या बादलीत टाकली. जिवंत माद्यांचा हौद मी रिकामा करवला. आणि खाली सही करा.”

साहेबांनी लिहिलं. मावशींनी ते मोठ्यानं वाचायला लावलं, पंपवाल्यासमोर.

संध्याकाळी घरी नणंद काळा चष्मा लावून जेवायला बसली होती. मावशींनी सगळं सांगितलं, पण घास काही उचलला नाही.

“वहिनी, पंधरा वाचल्या ना? मग आता कशाचा राग?”

“सतरा होत्या,” मावशी म्हणाल्या. अगदी हळू.

नणंद त्यांना पस्तीस वर्षं ओळखत होती. तिनं आपलं ताट उचललं आणि भिंत चाचपत स्वयंपाकघरात पसार झाली.